विनियर लावलेल्या फर्निचरमध्ये छिद्र पाडणे

प्लायवूड, चिपबोर्ड, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) किंवा साध्या लाकडाच्या गाभ्यावर भारी लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे विनियर, चिकटवून केलेल्या फर्निचरला मूठ, बिजागरी, कुलूप किंवा वायरसाठी भोक पाडताना कडेची कपची उडू न देण्याची सुतारकामातील रीत. हल्लीचे पात्याने कापून काढलेले विनियर साधारण ०.५ ते ०.६ मिमी जाड असते, तर जुने करवतीने काढलेले १ ते ३ मिमी. एवढ्या पातळ थरात फाटलेली कड पॉलिश पेपरने घासून सपाट करू गेल्यास खालचा गाभा उघडा पडतो.

भोक पाडणे आणि विनियर लावणे या दोन्ही कला फार जुन्या आहेत. ईजिप्तमध्ये थीब्झ येथील रेखमिरे या वजिराच्या थडग्यातील सुतारांच्या चित्रांत (सुमारे इ. स. पू. पंधरावे शतक) धनुकलीने फिरवायचा सामता दिसतो, आणि विस्तवावर ठेवलेले सरसाचे (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या चिकटद्रव्याचे) भांडेही. रोमन लेखक प्लिनी याने इ. स. पहिल्या शतकात हलक्या लाकडावर भारी लाकडाचे पापुद्रे चढवण्याच्या हौसेची नोंद केली आहे. इंग्लंडमध्ये मार्क ब्रुनेल याने १८०६ मध्ये विनियर कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. विनियर पातळ होत गेले तसे भोकाची कड सांभाळणे कठीण झाले.

स्वच्छ भोक पाडणाऱ्या पात्याचे (ड्रिलच्या बिटचे) श्रेय कोणाला द्यावे, याची उत्तरे वेगवेगळी दिली जातात. धातुकामातील पीळदार पात्याचे पेटंट अमेरिकेत स्टीव्हन मोर्स याने १८६३ मध्ये घेतले, आणि पुष्कळदा सगळ्या आधुनिक पात्यांचे मूळ तेथेच मानले जाते. लाकडाच्या बाबतीत हे मत तितकेसे पटत नाही. मोर्सच्या पात्याची रचना धातूसाठी होती. त्याच्या उतरत्या टोकामुळे मधला भाग आधी आत शिरतो आणि कडेचे तंतू कापले जाण्याऐवजी उचकटले जातात. रसेल जेनिंग्ज याचे १८५५ चे पीळदार गिरमिट लाकडाला अधिक जवळचे, कारण त्याला परिघ कापणारे दात होते. पण मध्ये टोक, कडेला तंतू कापणारी सुरी आणि दुसऱ्या बाजूला लाकूड उचलणारी धार हे तिन्ही भाग हाताने फिरवायच्या जुन्या मध्यटोकी पात्यात अठराव्या शतकातच एकत्र आलेले होते. आजच्या तीनटोकी (मध्ये एक टोक आणि कडेला दोन दात असलेल्या) पात्याची वंशावळ तेथून लावणे अधिक सयुक्तिक वाटते. बेंजामिन फोर्स्टनर याच्या १८७४ च्या पेटंटमधील पाते मात्र वेगळ्या वाटेचे आहे: ते मधल्या टोकापेक्षा बाहेरच्या धारदार कड्याच्या आधाराने चालते. म्हणूनच कपाटाच्या छुप्या बिजागरीचे ३५ मिमीचे उथळ भोक त्याने नेटके पडते.

कड प्रामुख्याने दोन समोरासमोरच्या जागी फाटते: जेथे परिघ तंतूंना आडवा छेदतो तेथे. गाभ्याच्या लाकडात आधी तंतू कापून मग लाकूड उचलले गेले नाही, तरी बऱ्याचदा खपून जाते. विनियरमध्ये खपत नाही. त्यामुळे पात्याची धार आणि परिघ कापणारे दात यांना पहिले महत्त्व. कागदी चिकटपट्टी लावून भोक पाडण्याची पद्धत फार प्रचलित आहे. तिने तंतू काही प्रमाणात दाबून धरले जातात, पण बोथट पात्याचे काम ती भागवत नाही. शिवाय पट्टी ओढून काढताना सैल पापुद्राही तिच्याबरोबर निघतो. ती तिरकी आणि सावकाश सोलावी. परिघावर धारदार सुरीने आधी खोल रेघ मारून घेणे अधिक भरवशाचे. तीनटोकी पाते असल्यास ड्रिल क्षणभर उलटे फिरवूनही तशीच रेघ उमटवता येते.

भोक दर्शनी बाजूने सुरू करावे. पलीकडच्या बाजूला पाते बाहेर पडताना शेवटचा थर आधाराविना फुगतो आणि फाटतो; तेथे टाकाऊ फळी क्लॅम्पने घट्ट दाबून बसवावी. मध्ये फट राहिली तर तिचा उपयोग नाही. दोन्ही बाजूंना विनियर असल्यास मधले टोक पलीकडे डोकावताच थांबून फळी उलटी करावी आणि त्याच टोकाच्या खुणेवरून उरलेले भोक पाडावे. कारखान्यांतील यंत्रांत आरपार भोकासाठी भाल्यासारख्या टोकाची पाती वापरतात.

जुन्या फर्निचरमध्ये विनियर बहुधा सरसाने चिकटवलेले असते. सरस उष्णतेने आणि ओलीने मऊ होतो, तर वयोमानाने ठिसूळ. त्यामुळे बोथट पाते एकाच जागी फिरत राहून तापले तर भोकाभोवतीचा पापुद्रा सुटू शकतो. अशा वस्तूंत पाते मधूनमधून बाहेर काढून भुसा झटकतात आणि मोठ्या व्यासाची पाती कमी वेगाने चालवतात. उडालेली कपची सापडल्यास ती फेकू नये. तंतू जुळवून त्याच जागी सरसाने बसवली की सांधा सहसा दिसत नाही.