छायाचित्र स्पर्धांमधील संस्करण आणि फेरफार

कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद भागांतला फरक) वाढवणे, रंगछटा सुधारणे, क्रॉप करणे (कडा कापणे) किंवा चित्र कृष्णधवल करणे म्हणजे काय, हे लाइटरूमसारखे फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला सांगायला नको; वृत्त, निसर्ग आणि प्रवास विभागांत हे संस्करण सहसा चालते. तरीही बाद झालेला स्पर्धक ‘मी एवढेसेच तर केले होते’ अशी तक्रार करतो, आणि आयोजकही ‘किरकोळ एडिटिंगला परवानगी आहे’ असे मोघम वाक्य छापून हा गोंधळ पोसतात. हे वाक्य मला नियमावलीत अजिबात खपत नाही, कारण बदल लहान की मोठा यावर फेरफार ठरत नाही; दृश्यातली वस्तू काढली वा घातली का, यावर तो ठरतो.

युक्रेनचे छायाचित्रकार स्तेपान रुदिक यांचे वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतील पारितोषिक 2010 साली काढून घेण्यात आले. त्यांनी मूळ रंगीत चौकटीचा मोठा भाग क्रॉप करून टाकला होता आणि उरलेले चित्र कृष्णधवल केले होते, पण ते बाद झाले पट्टी बांधल्या जाणाऱ्या हातामागे दिसणारे पायाचे टोक पुसल्यामुळे. 2012 साली हॅरी फिश यांचे वाराणसीच्या घाटावरचे छायाचित्र नॅशनल जिऑग्राफिकच्या स्पर्धेत निवडले गेले आणि नंतर अपात्र ठरले, कारण कडेला पडलेली प्लास्टिकची पिशवी त्यांनी डिजिटल पद्धतीने काढून टाकली होती. ती पिशवी तशीच ठेवली असती किंवा क्रॉप करून चौकटीबाहेर घालवली असती, तरी चालले असते.

पिशवी दोन्ही प्रकारे दिसेनाशी होते, मग एक मार्ग वैध आणि दुसरा अवैध कसा, असे अनेकजण चिडून विचारतात. क्रॉपमुळे चौकट कुठे संपते एवढेच बदलते. आत जे उरते ते कॅमेऱ्यासमोर तसेच होते. क्लोन टूल (चित्रातला एक भाग दुसऱ्यावर उमटवणारे साधन) मात्र पिशवीच्या जागी पार्श्वभूमीचा असा तुकडा रंगवते, जो त्या ठिकाणी कॅमेऱ्याने टिपलेलाच नव्हता. मात्र याच टूलने सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काढला तर फिआप आणि पीएसए या छायाचित्रण संघटनांची निसर्ग छायाचित्रणाची व्याख्या आक्षेप घेत नाही, कारण तो डाग कॅमेऱ्याने घातलेला असतो. पक्ष्यासमोर आलेली काडी दृश्यातली असते, म्हणून ती पुसता येत नाही. तेव्हा टूल कोणते वापरले हे गौण आहे, आणि ‘डार्करूममध्येही हेच चालायचे’ हा युक्तिवादही निरुपयोगी आहे, कारण डॉज-बर्नला, म्हणजे चित्राचा एखादा भाग उजळ वा गडद करण्याला, इथेही मनाई नाही.

रंगछटांच्या बाबतीत मात्र प्रमाण पाहावेच लागते. डेन्मार्कच्या वार्षिक वृत्तछायाचित्र स्पर्धेत 2009 साली क्लाव्स बो क्रिस्टेन्सन यांची हैतीमधली छायाचित्रे, रॉ फाइलशी (कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ, असंस्कारित फाइलशी) ताडून पाहिल्यावर, रंगांच्या अतिरेकामुळे वगळली गेली. तो निर्णय मला योग्य वाटतो.

आकाश बदलणे किंवा दोन चित्रे जोडणे क्रिएटिव्ह विभागात खुशाल करावे. आयोजकांनी मात्र प्रत्येक विभागाखाली स्वतंत्रपणे लिहावे की दृश्यातील वस्तू काढता वा घालता येईल का, आणि निकाल जाहीर करण्यापूर्वी अंतिम फेरीतील प्रत्येकाची रॉ फाइल मागवावी.