डेट्रॉइट आपल्या पोरांना थांबवून का ठेवतं?

सायमन एडविन्सन या आइस हॉकीतल्या स्वीडिश बचावपटूला अमेरिकेतल्या डेट्रॉइट रेड विंग्ज संघाने २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सहाव्या क्रमांकावर घेतलं. तो संघात कायमचा आला २०२४ मध्ये. मधली बहुतेक दोन वर्षं त्याने डेट्रॉइटशी संलग्न असलेल्या ग्रँड रॅपिड्सच्या ग्रिफिन्सकडून, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य लीगच्या एक पायरी खालच्या एएचएलमध्ये काढली. आइस हॉकीच्या जगात यावर भरपूर कुरकुर झाली. पण डेट्रॉइटची ही सवय जुनी आहे, आणि तिचा उगम शहाणपणात कमी, परिस्थितीत जास्त आहे.

ड्राफ्ट नव्हता तेव्हा संघ ज्युनियर क्लब पोसायचे आणि कोवळ्या वयातच मुलांना करारात बांधून टाकायचे. गॉर्डी हाऊ असाच डेट्रॉइटच्या हाती लागला. १९४६ मध्ये अठराव्या वर्षी एनएचएलमध्ये उतरण्याआधी त्याला एक हंगाम खालच्या लीगमधल्या ओमाहा संघाकडे धाडलं होतं. पहिला ड्राफ्ट १९६३ मध्ये मॉन्ट्रियलला झाला, पण चांगली मुलं आधीच बांधलेली असल्याने त्यात फारसा दम नव्हता. १९६९ पासून सगळी ज्युनियर मुलं त्यात आली. इथे आयपीएलसारखी बोली लागत नाही. साधारणपणे तळाच्या संघाला आधी निवडायला मिळतं, आणि निवडलेल्या मुलावर काही वर्षं त्या संघाचा हक्क राहतो.

१९८२ मध्ये पिझ्झावाले माइक इलिच यांनी ८० लाख डॉलरला रेड विंग्ज विकत घेतला, तेव्हा लोक त्याला ‘डेड विंग्ज’ म्हणत. पुढच्याच वर्षी चौथ्या क्रमांकावर स्टीव्ह आयझरमन मिळाला आणि अठराव्या वर्षी थेट संघात गेला. आज जनरल मॅनेजर म्हणून पोरांना थांबवून ठेवणारा हाच माणूस. स्वतःला मात्र एक दिवसही थांबावं लागलं नव्हतं!

खरी कलाटणी १९८९ ची. त्या एका ड्राफ्टमध्ये निकलस लिडस्ट्रम ५३ वा, सर्गेई फेदोरोव ७४ वा आणि व्लादिमीर कॉन्स्टान्टिनोव २२१ वा निवडला गेला. सोव्हिएत खेळाडू सुटून येईल याची खात्री नसल्याने बाकीचे संघ त्यांच्यावर वरची निवड खर्च करायला कचरत. फेदोरोव १९९० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावरून पसार होऊन डेट्रॉइटला आला. लिडस्ट्रम तोवर स्वीडनमध्येच खेळत होता, तो १९९१ मध्ये आला आणि पुढे सात वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला. थांबणं हे धोरण म्हणून ठरलेलं नव्हतं, भाग पडलं होतं. पण फळ असं मिळालं की त्याचं धोरण झालं.

मग युरोपात फिरून खेळाडू हेरणारे स्काउट हाकन अँडरसन यांनी १९९८ मध्ये १७१ व्या क्रमांकावर पावेल दात्सुक आणि १९९९ मध्ये २१० व्या क्रमांकावर हेन्रिक झेटरबर्ग सुचवला. दोघेही आणखी तीन वर्षं मायदेशी खेळून मगच आले. कुणाला घाई नव्हती, कारण वर जागाच रिकामी नव्हती. १९९१ ते २०१६ असे सलग २५ हंगाम प्लेऑफ गाठणाऱ्या संघाला थांबणं परवडतं, हे कौतुक करताना विसरलं जातं.

२००५ मध्ये संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आली आणि तयार तारे विकत घेणं अवघड झालं. ग्रँड रॅपिड्सचं महत्त्व तेव्हापासून वाढलं. तिथे पोरगं नेमकं काय शिकतं? युरोपातलं मैदान साधारण ३० मीटर रुंद, अमेरिकेतलं २६. कोपऱ्यात पाठमोरा होऊन पक (खेळातली रबरी चकती) उचलणाऱ्या बचावपटूवर समोरचा इथे क्षणभर आधीच येऊन आदळतो. मान वळवून मागे बघायचं ते पकपर्यंत पोचण्याआधीच, ही सवय अंगात मुरायला सामने लागतात. एनएचएलमध्ये बाकावर बसून ती लागत नाही. ग्रिफिन्सकडे मात्र त्याला भरपूर वेळ बर्फावर मिळतो.

नियमांचाही भाग आहे. कोवळ्या खेळाडूला काही काळ वेव्हर्सशिवाय, म्हणजे इतर संघांपुढे न ठेवता, वर-खाली करता येतं. ती सूट संपली की खाली पाठवताना दुसरा संघ त्याला उचलू शकतो. २०१३ च्या शरद ऋतूत गुस्ताव न्यूक्विस्ट याच हिशोबात खाली राहिला. वर आल्यावर त्याने ५७ सामन्यांत २८ गोल केले, त्या मोसमात संघात सर्वाधिक. इतका तयार मुलगा खाली का होता, हा प्रश्न तेव्हाही रास्तच होता.

कॅनडाच्या ज्युनियर लीगमधल्या मुलाला ही पायरीच नसायची. विसाव्या वर्षापर्यंत एकतर एनएचएल, नाहीतर परत ज्युनियर. युरोपातून आलेल्याला अशी आडकाठी नाही. मोरिट्झ सायडर २०१९ मध्ये सहावा निवडला गेला, अठराव्या वर्षीच ग्रँड रॅपिड्सला खेळला, मग एक हंगाम स्वीडनमध्ये, आणि २०२२ मध्ये सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेऊन बसला. ज्युनियर मुलांसाठी २०२५ पासून आणखी एक वाट खुली झाली आहे: अमेरिकन विद्यापीठांची हॉकी, जिची दारं त्यांना तोवर बंद होती.