निसटून जाणारं जस्त

शाळेतली क्रियाशीलता श्रेणी म्हणजे जास्त क्रियाशील धातू वर आणि कमी क्रियाशील खाली अशी रांग. वर पोटॅशियम आणि सोडियम, तळाला चांदी आणि सोनं. जस्त मधेच कुठेतरी, ॲल्युमिनिअमच्या खाली आणि लोखंडाच्या वर. काही पुस्तकांत कार्बनलाही याच रांगेत बसवतात. त्याच्या खालच्या धातूंची ऑक्साइडं कोळशासोबत तापवली की धातू मोकळा होतो, वरच्यांना वीज लागते. जस्त कार्बनच्या खाली, म्हणून त्याला कोळसा पुरतो. फळ्यावरचं समीकरण एका ओळीत संपतं.

भट्टीत मात्र ते इतक्या सहज संपलं नाही. लोखंड सर्रास वापरात आल्यावरही शुद्ध जस्त मोठ्या प्रमाणावर काढायला माणसाला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली. झिंक ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घ्यायला कोळशाला साधारण १००० अंश सेल्सिअस आणि त्याहून जास्त तापमान हवं, आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळतं. त्यामुळे धातू सुटतो तोच वाफ होऊन. भट्टी उघडी असेल तर ही वाफ हवेशी भिडते आणि पुन्हा ऑक्साइडची पांढरी पूड होते. हाती काहीच लागत नाही.

गंमत म्हणजे पितळ मात्र लोक त्याआधीपासून करत होते. तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत, म्हणजे धातू तापवायच्या भांड्यात, एकत्र तापवायचे. वाफ सुटली की तांबंच ती शोषून घेई. जस्त वेगळं डोळ्यांना दिसायचंच नाही.

हा पेच भारतात सुटला तो राजस्थानात, उदयपूरच्या दक्षिणेला जावर इथे. सुमारे बाराव्या शतकापासून तिथे मोठ्या प्रमाणावर जस्त निघत होतं. १९८३ मध्ये उत्खननात तिथे भट्ट्या सापडल्या. एकेका भट्टीत मातीच्या ३६ मुशा, आकार लांबट वांग्यासारखा. रसशास्त्राच्या, म्हणजे जुन्या रसायनविद्येच्या, संस्कृत ग्रंथांतही ‘वृन्ताक मूषा’ येते, वृन्ताक म्हणजे वांगंच. भाजलेलं खनिज आणि इतर माल मुशीत भरून तिला मातीची नळी जोडत आणि ती उलटी, तोंड खाली करून, भोकं असलेल्या जाड चकत्यांवर बसवत. मुशी वरच्या कप्प्यात तापत राहायची, नळी खालच्या थंड कप्प्यात उतरलेली असायची. उलटी करताना माल सांडू नये म्हणून मधोमध एक काडी खोचलेली असे. ती जळून गेली की वाफेला वाट तयार! आत भरपूर कार्बन मोनॉक्साइड असल्यामुळे ऑक्सिजनला शिरकाव नव्हता. वाफ खाली उतरून थंड व्हायची आणि द्रव जस्त भांड्यात ठिबकायचं. वापरून झालेल्या मुशा इतक्या साठल्या, की जावरच्या लोकांनी त्या भिंती बांधायला वापरल्या. युरोपात ब्रिस्टॉलच्या विल्यम चँपियनने जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये, आणि त्याच्या भट्टीतही वाफ खालीच उतरवलेली होती.

आज जगातलं बहुतेक जस्त विद्युत अपघटनाने मिळतं, आणि तिथे तर श्रेणी उघडच तोंडावर पडते. झिंक सल्फेटच्या आम्लयुक्त द्रावणात वीज सोडली तर जस्ताऐवजी हायड्रोजन सुटायला हवा, कारण हायड्रोजन श्रेणीत खाली आहे. पण जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होण्याची क्रिया फार संथ चालते, म्हणून जस्ताचा थर बसतो. द्रावणात काही अशुद्ध धातू जरासे जरी राहिले तरी हायड्रोजनचं फावतं. म्हणून कारखान्यात निम्मी डोकेदुखी द्रावण शुद्ध करण्याचीच. कोण कोणाला हटवू शकतो एवढंच श्रेणी सांगते. किती वेगाने हटवेल, हे ती सांगत नाही. शाळेत हा फरक सांगितला जात नाही, हे मला खटकतं.

क्षरणाचंही तसंच. जस्त लोखंडाहून क्रियाशील, तरी उघड्यावर ते लोखंडापेक्षा खूप सावकाश झिजतं, कारण त्याच्यावर कार्बोनेटचा चिवट थर धरतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र, तो खालच्या धातूला राखत नाही. जस्ताचा थर दिलेल्या पत्र्यावर ओरखडा पडला तरी आधी जस्तच झिजतं आणि लोखंड वाचतं. कथिलाचा थर दिलेल्या डब्याला ओरखडा पडला तर उलट लोखंडच आधी गंजतं. पितळेच्या भांड्याला कल्हई करतो तिथे मात्र कथिल श्रेणीत तांब्याच्या वर असल्याने हा धोका नाही. कल्हई उडाली की ताक कळकतं, ते आंबटात तांबं उतरल्यामुळे.

कोकणात पत्रा लवकर जातो. खाऱ्या वाऱ्यातली क्लोराइडं तो राखणारा थर टिकू देत नाहीत, आणि जस्त संपलं की लोखंडाला वालीच राहत नाही. याच खाऱ्या पाण्यात जहाजांच्या पोलादी तळाला मुद्दाम जस्ताचे ठोकळे लावतात, पोलादाऐवजी ते झिजावेत म्हणून. त्यांच्यावर रंग लावायचा नसतो. गोदीत जहाज घेतल्यावर ठोकळा जसाच्या तसा दिसला, तर त्याचा पोलादाशी विजेचा संबंध तुटला आहे का हे आधी तपासतात.