शोकातील विलाप आणि कुरकुर

सांगली-मिरजेकडच्या ख्रिस्ती कुटुंबात मृत्यू झाला की घरी प्रार्थनेसाठी मंडळी जमतात, आणि तिथे "देवा, माझंच घर दिसलं का तुला?" असे रडत विचारणाऱ्या बाईला कोणीतरी वडीलधारे हलकेच सांगतात, "वहिनी, अशी कुरकुर करू नये." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, परंतु पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, विलाप आणि कुरकुर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की शोकग्रस्ताला देवाकडे जाण्याची वाटच बंद होते.

कडवटपणा दोन्हींत असतो. वेगळे असते ते बोलणे कोणाला उद्देशून आहे हे. मिसर देशातील दास्यातून सुटून अरण्यातून चाललेल्या इस्राएल लोकांनी आपापल्या तंबूंत कुरकुर केली, परमेश्वर आपला द्वेष करतो असे परस्पर ठरवून टाकले आणि नवा पुढारी नेमून मिसर देशात परतण्याचा बेत केला. याउलट स्तोत्रसंहिता या बायबलातील प्रार्थनागीतांच्या संग्रहातील 13व्या स्तोत्राचा कर्ता "कोठवर?" असे चार वेळा विचारतो, पण विचारतो परमेश्वरालाच. मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेला ईयोब तर याहून तीव्र बोलला. त्याचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले (त्यांच्या हातून घडलेले सर्वांत चांगले काम बहुधा हेच), आणि मग देवाची बाजू घेऊन त्यालाच दोष देऊ लागले. तरीही ईयोबाच्या ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा कोप या मित्रांवर होतो आणि यथार्थ बोलल्याची साक्ष ईयोबाला मिळते.

अर्थात ही सीमारेषा नेहमीच इतकी स्पष्ट नसते. पती आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमास परतलेली नामी आपले गाऱ्हाणे देवापुढे मांडत नाही, गावातील बायकांना सांगते, आणि तरीही शास्त्र तिला त्याबद्दल एका शब्दानेही दोष देत नाही. म्हणून दुसऱ्याच्या रडण्याला कुरकुर ठरवण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

"आशा नसलेल्यांसारखा खेद करू नये" हे प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रातील वचन अशा वेळी हटकून सांगितले जाते. त्यात पौलाने आशाहीन खेदाला मनाई केली आहे, खेदाला नव्हे. लाजराच्या मृत्यूनंतर मार्था आणि मरीया या दोघी बहिणी येशूला एकच वाक्य ऐकवतात, की आपण येथे असता तर आमचा भाऊ मेला नसता. त्या वाक्यात तक्रार आहे, पण ती समोर येऊन केलेली आहे. येशू मार्थेशी पुनरुत्थानाविषयी बोलतो, मरीयेला रडताना पाहून स्वतः रडतो, आणि दोघींपैकी कोणालाही अविश्वासू म्हणत नाही.

विलापाने दुःख लगेच हलके होते असेही नाही. 13वे स्तोत्र सहा वचनांत स्तुतीपर्यंत पोहोचते, तर 88वे अंधारातच संपते. दोन्ही उपासनेच्या त्याच संग्रहात आहेत, त्यामुळे घरच्या प्रार्थनेत 23वे स्तोत्र वाचले जाते तसे 88वेही वाचता येईल. मात्र महिनोन्‌महिने झोप आणि जेवण तुटले असेल, किंवा जगणेच नको असे कोणी बोलू लागले असेल, तर प्रार्थनेबरोबरच त्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे, आणि अशा अवस्थेला विश्वासाची उणीव समजू नये.