स्फोलियातेल्ला आणि लॉब्स्टर टेल: वळकटी एकच, पदार्थ दोन

नेपल्समधल्या पेस्ट्रीच्या दुकानात काचेमागे दोन पदार्थ शेजारी शेजारी मांडलेले असतात. दोन्ही पापुद्र्यांचे, एका टोकाला निमुळते, अंगभर कडांच्या ओळी आणि वर पिठीसाखर. त्यातली लहान, चपटी ती स्फोलियातेल्ला रिच्चा. लांबट, पोट फुगलेली ती कोदा दारागोस्ता, थोडक्यात आरागोस्ता. अमेरिकेतल्या इटालियन बेकऱ्यांत, विशेषतः न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि बॉस्टन भागात, हिलाच लॉब्स्टर टेल म्हणतात. इंटरनेटवर एकीच्या फोटोखाली दुसरीची कृती सर्रास सापडते. ती वाचून कुणी कच्च्या कवचात कस्टर्ड भरून भाजायला ठेवतो आणि अर्धे कस्टर्ड ट्रेवर उकळून करपते.

गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण दोघींचे कवच एकाच वळकटीतून, म्हणजे चरबी लावून गुंडाळलेल्या पातळ पिठाच्या पट्टीतून, निघते. फरक आहे तो आत काय जाते आणि मुख्य म्हणजे कधी जाते, यात. रिच्चामध्ये रवा आणि रिकोटाचे (मऊ, ताज्या इटालियन चीजचे) घट्ट सारण कच्च्या कवचातच भरतात आणि सगळे एकत्र भाजतात. आरागोस्तात भाजण्याआधी जाते ते शू पेस्ट्रीचे पीठ, म्हणजे एक्लेअर या क्रीम भरलेल्या लांबट पेस्ट्रीला वापरतात तेच. ते ओव्हनमध्ये फुगते, कवचाला आतून ढकलून लांब करते आणि मध्ये पोकळी ठेवते. क्रीम भरायचे ते भाजून पूर्ण गार झाल्यावर. कापाची जाडी, भाजण्याची वेळ, टिकाऊपणा, सगळे यावरच ठरते.

आणखी दोन नावे आड येतात, ती आधीच बाजूला काढू. स्फोलियातेल्ला फ्रोल्ला हिचे सारण रिच्चाचेच, पण कवच बिस्किटासारखे खुसखुशीत, पापुद्रे नाहीत. सांता रोसा ही रिच्चाचीच थोरली बहीण: आकाराने मोठी आणि वर कस्टर्ड व अमारेना चेरी. आमाल्फी किनाऱ्यावरच्या कोंका देई मारीनी इथल्या सांता रोसा मठात सतराव्या शतकात हा पदार्थ जन्मला आणि 1818 च्या सुमारास पास्क्वाले पिंताउरो याने नेपल्सच्या विया तोलेदोवरच्या आपल्या दुकानात तो लोकप्रिय केला, असे तिथे मानतात.

वळकटी

खाली दिलेल्या मापात साधारण 6 सें.मी. जाड आणि 28 सें.मी. लांब वळकटी होते. टोके छाटून अर्ध्या वळकटीच्या 13 रिच्चा आणि उरलेल्या अर्ध्याच्या 8 आरागोस्ता होतात. दोन्ही एकदमच करून बघाव्यात, म्हणजे फरक वाचून नव्हे तर हाताला कळतो.

500 ग्रॅम जास्त प्रथिनांचा मैदा (13 टक्क्यांच्या आसपास), 190 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ, 20 ग्रॅम मध. पापुद्र्यांत लावायला 150 ग्रॅम चरबी. नेपल्समध्ये डुकराची पांढरी चरबी वापरतात. आपल्याकडच्या नेहमीच्या मैद्यात प्रथिने कमी असतात आणि तो ताणताना फाटतो. अशा वेळी 500 ग्रॅममधला 20 ग्रॅम मैदा काढून तेवढेच व्हायटल व्हीट ग्लूटेन (गव्हातल्या प्रथिनाची पूड) घालावे.

हे पीठ मळताना जवळजवळ प्रत्येकाला वाटते की पाणी कमी पडले. पडलेले नसते. ते भुरभुरीत, फुटीर गोळ्यासारखे दिसणेच बरोबर आहे. इथे पाणी वाढवले की पदार्थ तिथेच हुकतो: ओलसर पातीचे थर भाजताना एकमेकांना चिकटतात आणि पापुद्र्यांऐवजी जाड, चिवट पोळी मिळते. दाबून गोळा करा, झाकून अर्धा तास ठेवा. मग पास्ता मशीनच्या सर्वांत रुंद फटीतून काढा, दुमडा, पुन्हा काढा. सुरुवातीला पट्टी फाटेल, कडा दातेरी होतील. दहा-पंधरा वेळा काढल्यावर ती गुळगुळीत होते. आता प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये किमान 4 तास, जमल्यास रात्रभर ठेवा. या विश्रांतीत ग्लूटेन सैलावते. ती टाळली तर पट्टी ताणली की लगेच मागे ओढली जाते.

दुसऱ्या दिवशी पिठाचे चार भाग करा. एकेक भाग मशीनच्या फटी कमी करत 1 मि.मी. किंवा त्याहून थोडी पातळ पट्टी होईपर्यंत काढा. बाकीचे भाग झाकलेलेच ठेवा, पट्टी उघड्यावर पाच मिनिटांत सुकते. ओट्यावर चरबीचा हात फिरवा, पट्टी त्यावर आडवी पसरा आणि दोन्ही हातांनी रुंदीत ताणा, 15 सें.मी.ची 25 सें.मी. होईपर्यंत. ओट्याचा रंग आरपार दिसायला हवा. एखादे छिद्र पडले तर दुरुस्त करत बसू नका, पुढच्या वळशात झाकले जाते.

चरबी लोण्यासारखी मऊ हवी, वितळलेली नको. पातळ हाताने सगळीकडे लावा. जाड थर दिला तर ती भाजताना बाहेर येते आणि पेस्ट्री स्वतःच्याच चरबीत तळली जाते. एखादा भाग कोरडा राहिला तर तिथले थर जुळतात. मग एका टोकापासून गुंडाळायला घ्या. पहिले दोन-तीन वळसे सर्वांत महत्त्वाचे: मध्ये पोकळी राहिली तर कापाच्या मधोमध भोक पडते आणि सारण तिथूनच बाहेर येते. गुंडाळताना हात बाहेरच्या बाजूला सरकवत राहिलात तर हवा निघते आणि वळकटी लांब होते. एक पट्टी संपली की दुसरीचे टोक 2 सें.मी. वर चढवून पुढे चालू. जाडी 6 सें.मी. झाली की आत पन्नासच्या आसपास वळसे जमलेले असतात. बाहेरून चरबी लावा, गुंडाळा आणि फ्रीजमध्ये 12 ते 24 तास ठेवा. गार न करता कापली तर सुरीखाली ती चेपते आणि थर कडेला दाबून बंद होतात.

चिरोटे करणाऱ्या हाताला यातले बरेच ओळखीचे वाटेल: साटा लावायचा, गुंडाळायचे, कापायचे. पण चिरोट्याच्या साट्यात तांदळाचे पीठ किंवा कॉर्नफ्लोअर असते आणि लाटी लाटून सपाट करतात. इथे थरांत नुसती चरबी असते आणि काप लाटायचा नसतो. तो मधोमध दाबून शंकू करायचा असतो, म्हणजे थर एकावरून एक घसरतात आणि बाहेर त्या कडा उमटतात.

काप आणि शंकू

रिच्चासाठी 1 सें.मी. जाडीचे काप, आरागोस्तासाठी दीड सें.मी.चे. आरागोस्ताचे कवच शू पिठाच्या फुगण्याने ताणले जाणार असते, म्हणून त्यात थरांचा साठा जास्त लागतो. 1 सें.मी.चा काप घेतला तर थर पुरे पडत नाहीत, मध्येच फाटतात आणि शू पीठ उघडे पडते.

काप दहा मिनिटे बाहेर ठेवा. चरबी बोटांना लागेल इतपत मऊ हवी, थर हलतील इतपतच. अंगठ्यांना चरबी लावा, काप दोन्ही हातांत धरा, अंगठे मधोमध आणि बाकीची बोटे बाहेर. केंद्र पुढे ढकलत, काप फिरवत कडेकडे या. काप थंड असताना जोर लावला तर थर सुटे होतात. फार मऊ झाल्यावर लावला तर थर घसरण्याऐवजी एकमेकांत दबतात. रिच्चाचा शंकू उथळ आणि रुंद तोंडाचा, आरागोस्ताचा खोल आणि अरुंद.

रिच्चाचे सारण

13 नगांसाठी: 220 ग्रॅम पाणी, चिमूटभर मीठ, 70 ग्रॅम बारीक रवा, 150 ग्रॅम निथळलेला रिकोटा, 100 ग्रॅम साखर, एका अंड्याचा बलक, बारीक चिरलेली 40 ग्रॅम साखरेतली संत्र्याची साल, पाव चमचा दालचिनी पूड, थोडा व्हॅनिला. संत्र्याच्या फुलांचा अर्क मिळाला तर दोन थेंब.

पाण्याला उकळी आणून रवा वैरा, मंद आचेवर पाच मिनिटे ढवळत शिजवा. भांड्याच्या तळापासून सुटा गोळा झाला की ताटात पसरून पूर्ण गार करा. रव्याचे काम चवीपुरते नाही. तो पाणी शोषून धरून ठेवतो, म्हणूनच हे सारण ओव्हनमध्ये उकळत नाही, वाहत नाही. रिकोटा मात्र मलमलच्या फडक्यात रात्रभर फ्रीजमध्ये निथळलाच पाहिजे. ओल्या रिकोटाची वाफ शंकूचे तोंड उघडते आणि तळ पिचपिचीत करते. रिकोटा नसेल तर दूध लिंबाने फाडून मऊ पनीर करा, दाबू नका, नुसते निथळू द्या. दह्याचा चक्का घालू नये, भाजल्यावर त्याचा आंबटपणा वर येतो.

रिकोटा आणि साखर चाळणीतून घासून घ्या, गार रवा मोडून मिसळा, बाकीचे घाला. एका शंकूत 40 ग्रॅम भरा, तोंड हलकेच मिटवा, चिमटू नका. 200 अंशांवर 25 ते 30 मिनिटे. ओव्हनला पंखा असेल तर 180. ओव्हन पुरेसा तापलेला नसेल तर पीठ धरण्याआधी चरबी वितळून वाहते आणि पापुद्रे उमलतच नाहीत.

आरागोस्ताच्या आत

8 नगांना शू पीठ: 100 ग्रॅम पाणी, 45 ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ, 60 ग्रॅम मैदा, 2 अंडी. पाणी, मीठ आणि लोणी उकळू द्या, मैदा एकदम ओता, आचेवरच दोन मिनिटे परता. भांड्याच्या तळाला पातळ साय धरते, ती खूण. कोमट झाल्यावर फेटलेली अंडी थोडी थोडी घाला. चमचा उचलल्यावर पीठ त्रिकोणी लोंबले की थांबा, दुसरे अंडे सगळे लागेलच असे नाही. पीठ सैल झाले तर ते फुगत नाही, तोंडातून बाहेर पसरते. गार झाल्यावर प्रत्येक शंकूत 30 ग्रॅम, म्हणजे दोन तृतीयांशापेक्षा कमी भरा.

200 अंशांवर 20 मिनिटे, मग 175 वर आणखी 15 ते 20. पहिली 25 मिनिटे ओव्हनचे दार उघडू नये. रंग आला की काढायचा मोह इथे महागात पडतो. शू पीठ आतून ओले असेल तर बाहेर येताच आक्रसते आणि सगळे कवच बसते. बाजू दाबून बघा, टणक लागली पाहिजे. मग रुंद टोकाला छोटे छिद्र करून, आच बंद केलेल्या गरम ओव्हनमध्ये, दार किंचित उघडे ठेवून, दहा मिनिटे सुकू द्या.

शू पिठाशिवाय रिकामेच कवच भाजून क्रीम भरले तर चालेल का? चालत नाही. आतून आधार नसला की शंकू स्वतःवर मिटतो आणि क्रीमला जागाच उरत नाही.

क्रीमसाठी 250 ग्रॅम दूध, 3 बलक, 70 ग्रॅम साखर, 22 ग्रॅम कॉर्नफ्लोअर यांचे कस्टर्ड. ते पूर्ण गार झाल्यावर 120 ग्रॅम घट्ट फेटलेले क्रीम हलक्या हाताने मिसळा. कस्टर्ड कोमट असताना मिसळले तर क्रीम वितळते आणि मिश्रण पळीवाढे होते. लांब नोझलने आत खोलवर भरा, नाहीतर टोक रिकामे राहते.

तूप, लोणी आणि अंडे

डुकराची चरबी नको असेल तर लोण्याऐवजी तूप घ्यावे. लोण्यात सोळा-सतरा टक्के पाणी असते, ते थरांना ओलावते आणि चिकटवते. तूप रवाळ असेल तर थंड करून, फेटून मलईसारखे करा, कण राहिले तर पात फाटते. मुंबई-कोकणच्या उन्हाळ्यात तूप ओट्यावरच वितळते. तेव्हा एसीच्या खोलीत किंवा पहाटे काम करावे आणि अर्धी पट्टी झाली की वळकटी फ्रीजमध्ये टाकून मग पुढे जावे.

अंडे न खाणाऱ्यांनी रिच्चाच करावी. तिच्यातला बलक काढला तरी रवा सारण धरून ठेवतो, चवीला थोडे कमी मऊ लागते एवढेच. आरागोस्ताला अंड्याशिवाय पर्याय नाही, कारण अंड्याविना शू पिठाची पोकळी टिकत नाही.

टिकाऊपणातही दोघींचे वळण वेगळे. रिच्चा भरून, कच्चीच फ्रीझरमध्ये महिनाभर राहते. न वितळवता थेट ओव्हनमध्ये ठेवावी, पाच-सात मिनिटे जास्त लागतात. भाजलेली दुसऱ्या दिवशी 160 अंशांवर आठ मिनिटे ठेवली की पुन्हा कुरकुरीत होते, आणि नेपल्समध्ये ती गरमच खातात. आरागोस्ताचे रिकामे कवच हवाबंद डब्यात एक दिवस चांगले राहते. मऊ पडले तर भरण्याआधी ओव्हनमध्ये सुकवून गार करा. क्रीम गेल्यावर मात्र दोन-तीन तासांत पापुद्रे ओलावतात आणि गरमही करता येत नाही. पाहुणे बसल्यावरच भरावी.