डिझेल पंपातला चमकता चुरा

गाडी चालता चालता बंद पडते. सेल्फ फिरतो, पण इंजिन काही धरत नाही. स्कॅनर लावला तर ‘पी००८७’ हा कोड येतो, म्हणजे रेलमधला (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरना जिथून दाबाखालचं डिझेल मिळतं त्या जाड नळीतला) दाब हवा तेवढा नाही. गॅरेजमध्ये लगेच निदान होतं: डिझेलला दाब देणारा हाय-प्रेशर पंप गेला. ते खरंही असू शकतं. पण गाडीमालकाने त्या क्षणी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पंप जाताना आत चुरा सोडून गेला का? बिल काही हजारांत आटोपणार की लाखाच्या पुढे जाणार, हे त्या एका उत्तरावर ठरतं.

आधी दाबाचा अंदाज घेऊ. घरातल्या प्रेशर कुकरची शिट्टी हवेच्या दाबापेक्षा साधारण १ बार जास्त दाबाला उडते. कारच्या टायरमध्ये २ ते अडीच बार असतात. कॉमन रेल डिझेल इंजिन नुसतं आयडलवर असताना रेलमध्ये २५० ते ३०० बार असतात आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की हाच आकडा १६०० ते २००० वर जातो. २००० बार म्हणजे नखाएवढ्या एका चौरस सेंटिमीटरवर दोन टन वजन. हा दाब पेलायला पंपातला पिस्टन आणि त्याची नळी यांच्यात जेमतेम २ ते ४ मायक्रॉनची फट ठेवावी लागते. आपला केस ६०-७० मायक्रॉन जाडीचा असतो.

या फटीत वंगण म्हणून इंजिन ऑइल नसतं. जे डिझेल जळायला निघालंय तेच वाटेत पंपाला वंगण देतं आणि थंडही ठेवतं. डिझेल गेलं की वंगण गेलं. टाकी कोरडी पडेपर्यंत गाडी रेटणं जुन्या इनलाइन पंपाने (एका ओळीत पिस्टन असलेल्या) खपवून घेतलं असतं, कारण त्यातल्या बऱ्याच पंपांच्या कॅमला (पिस्टन ढकलणाऱ्या, उंचवटे असलेल्या दांड्याला) वेगळं ऑइल असायचं. आजच्या पंपाला तो चैनीचा कारभार परवडत नाही.

चुऱ्याच्या बाबतीत जगभर सर्वाधिक बदनाम झालेला पंप म्हणजे बॉश या जर्मन कंपनीचा सीपी४. त्याच्या आधीच्या सीपी३ मध्ये तीन पिस्टन होते आणि ते सपाट तळाने एका बहुकोनी कड्यावर टेकायचे. सीपी४ मध्ये एक किंवा दोनच पिस्टन आहेत. पंप हलका झाला, त्याला फिरवायला ताकद कमी लागू लागली. यात पिस्टनच्या खाली बादलीसारखा एक टॅपेट आणि त्याच्या तळाशी आडवा रोलर असतो. कॅमशाफ्टवरच्या दोन उंचवट्यांवरून हा रोलर घरंगळत जातो आणि पिस्टन वर ढकलतो. लाटणं पोळीवर फिरतं तसं. पण टॅपेट गोल आहे. डिझेलचा पुरवठा तुटला, हवा शिरली, वंगण पातळ झालं आणि टॅपेट कॅमवरून क्षणभर सुटला, तर तो स्वतःभोवती फिरू शकतो. मग लाटणं आडवं न राहता उभं होतं. रोलर घरंगळायचं सोडून कॅमवर घासत जातो आणि कठीण पोलादाची बारीक पूड पडायला लागते.

पुढचा घात पंपाच्या नळजोडणीने होतो. सीपी४ मध्ये टाकीतून आलेलं डिझेल आधी कॅमच्या कप्प्यात येतं. त्यातलं काही मीटरिंग व्हॉल्व्हमधून (किती डिझेल आत सोडायचं ते ठरवणाऱ्या झडपेतून) पिस्टनकडे जातं, उरलेलं रिटर्न पाइपने टाकीत परत येतं. म्हणजे कॅमवर पडलेली पूड दोन्ही वाटांनी पसरते: एकीकडे रेल आणि इंजेक्टर, दुसरीकडे टाकी. फिल्टर पंपाच्या आधी असतो, त्यामुळे इंजेक्टरकडे निघालेल्या पुडीला अडवणारं वाटेत कोणीच नसतं.

अमेरिकेत या पंपावरून फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या डिझेल ट्रकमालकांनी सामूहिक दावे लावले. राम या ट्रक कंपनीने कमिन्स इंजिनाच्या २०१९ आणि २०२०च्या ट्रकमध्ये सीपी४ बसवला होता. २०२१च्या मॉडेलला ती परत सीपी३ वर आली आणि त्याच वर्षी दोन लाखांहून जास्त ट्रक परत बोलावले. कारण सुरक्षेचं होतं: पंप निकामी झाला की इंजिन धावत्या गाडीत बंद पडतं. इंजिन बंद झालं की ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम एक-दोनदा पेडल दाबण्यापुरताच उरतो. असा प्रसंग आलाच, तर ब्रेक एकदाच पण सलग दाबायचा, पंपासारखा दाबत-सोडत राहायचा नाही.

गाडी बाजूला थांबली की सेल्फ मारत बसू नका. पंप आतून घासला असेल, तर प्रत्येक सेल्फबरोबर पूड आणखी पुढे ढकलली जाते. टोइंग बोलवा.

गॅरेजमध्ये पहिलं काम पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह काढून बघायचं. अंगठ्याएवढा, वायरचा सॉकेट असलेला हा भाग दोन-तीन टॉर्क्स स्क्रूंवर बसलेला असतो. आजूबाजूची घाण आधी ब्रेक क्लीनरने धुवायची, नाहीतर बाहेरची मातीच आत पडते. व्हॉल्व्ह पांढऱ्या कापडावर झटकायचा, भोकात त्याच कापडाचं टोक फिरवायचं आणि टॉर्चच्या उजेडात बघायचं. नुसतं ओलं, पिवळसर डिझेल दिसलं तर बरं. चांदीच्या रंगात बोट बुडवल्यासारखी चमक दिसली, तर पंप आतून खाल्ला गेलाय. फिल्टर हाऊसिंगच्या तळातलं डिझेलही काचेच्या बाटलीत घेऊन बघा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते केल्याशिवाय नवा पंप मागवू देऊ नये.

चमक नसेल तर पंपावर संशय घ्यायची घाई नको. रेलमध्ये दाब न येण्याची कारणं बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक स्वस्त आहेत. बॅटरी उतरली असेल तर सेल्फ सावकाश फिरतो आणि दाब बनतच नाही. फिल्टर तुंबलेला असतो. टाकीतला इलेक्ट्रिक पंप गेलेला असतो. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. ज्या गाड्यांत टाकीत पंपच नाही आणि डिझेल ओढून घेतलं जातं, तिथे एखाद्या जोडातून हवा शिरते. तात्पुरता पारदर्शक पाइप लावला की बुडबुडे दिसतात.

मग स्कॅनरवर दोन आकडे शेजारी लावायचे: गाडीच्या संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष रेलमधला दाब. सेल्फ मारताना रेलमध्ये साधारण १५० ते २५० बार झाल्याशिवाय, म्हणजे गाडीगणिक ठरलेला आकडा गाठल्याशिवाय, संगणक इंजेक्टर उघडतच नाही. आकडा तिथवर पोहोचत नसेल तर रिटर्न टेस्ट करायची. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला एकसारख्या छोट्या बाटल्या जोडायच्या आणि सेल्फ मारायचा. एक बाटली इतरांच्या तिप्पट भरली, तर दाब त्या इंजेक्टरमधून गळतोय आणि पंप निर्दोष आहे. एका गळक्या इंजेक्टरपायी चांगले पंप बदलले जातात, ही या धंद्यातली जुनी गोष्ट आहे. डेन्सो या जपानी कंपनीच्या पंपांवर तर सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह (तिथला मीटरिंग व्हॉल्व्हच) अडकून गाडी झटके देते, आयडलला डुलते आणि बंद पडते. तो व्हॉल्व्ह वेगळा मिळतो, अख्ख्या पंपाची गरज नसते.

या सगळ्यात चालू इंजिनावर हाय-प्रेशर पाइपचा नट कधीही सैल करायचा नाही. जुन्या डिझेलवर हवा काढायची ती सवय इथे बोट घालवते. गळती शोधायला हात न फिरवता पुठ्ठा धरायचा, कारण ही धार कातडी फोडून आत शिरते आणि वरून फक्त टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक सर्जन गाठायचा.

आता चमक सापडली असं धरू. इथे पैसे वाचवायच्या नादात दुप्पट जातात. फक्त पंप बदलला, तर टाकीतली आणि पाइपातली पूड काही दिवसांत नवा पंप खाते, आणि रेलमधली पूड इंजेक्टरमध्ये बसते. इंजेक्टरच्या टोकाची भोकं दहाव्या हिश्शाच्या मिलिमीटरची असतात आणि आतली व्हॉल्व्ह-सीट त्याहून नाजूक. तिथे कण अडकून इंजेक्टर उघडाच राहिला, तर सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं जातं आणि इंजिनच्या पिस्टनला भोक पडतं. तेव्हा पंपाबरोबर रेल, हाय-प्रेशर पाइप आणि इंजेक्टर बदलावे लागतात. टाकी उतरवून धुवायची, तिच्यातली जाळी बदलायची, जाणारे-येणारे पाइप स्वच्छ डिझेलने फ्लश करायचे, फिल्टर नवा टाकायचा. रेल नुसती धुऊन वापरायचा मोह होतो. तिच्यातल्या आडव्या भोकांत आणि जास्तीचा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमागे काय उरलंय ते दिसत नाही, म्हणून मी तो मोह टाळायला सांगेन. इंजेक्टरच्या बाबतीत थोडी सवलत आहे: चांगल्या पंप-नोझल दुकानात उघडून, धुऊन, बेंचवरच्या सगळ्या कसोट्यांना उतरले आणि दुकानदार लेखी रिपोर्ट देत असेल, तर ते परत लावता येतात. भंगार बाजारातला पंप मात्र आतून कसा आहे ते लावल्यावरच कळतं.

पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल, तर बेल्टही त्याच वेळी बदला. पंप जाम झाला की ताण बेल्टच्या दातांवर येतो, आणि बेल्ट तुटला तर इंजिनचे व्हॉल्व्ह त्याच्या पिस्टनवर आपटतात. प्रत्येक नव्या इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेला कोड स्कॅनरने संगणकात भरावा लागतो. तो न भरता गाडी दिली तर ती ठोके देत आणि धूर सोडत चालते. इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर नवेच हवेत.

पहिला सेल्फ मारण्याची घाई नको. नवा पंप कोरडा फिरला, तर काही सेकंदांत घासतो. स्कॅनरमधून प्राइमिंग करायचं, म्हणजे पाइपातली हवा काढून डिझेल भरायचं, ते नसेल तर किल्ली पाच-सहा वेळा ऑन-ऑफ करून टाकीतल्या पंपाने हवा बाहेर काढायची. हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) असेल तर तो कडक होईपर्यंत दाबायचा. नवा फिल्टर भरायला कॅनमधलं डिझेल त्याच्या मधल्या भोकातून ओतणारे खूप भेटतात. ते भोक बहुतेक फिल्टरमध्ये गाळलेल्या बाजूचं असतं. तिथून ओतलेलं डिझेल गाळल्याविना सरळ पंपात जातं.

हे टाळायचं कसं, याचं उत्तर बरंचसं डिझेलच्या गुणवत्तेत आहे. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ डिझेल आहे, गंधक जास्तीत जास्त दहा लाखांत १० भाग. गंधक काढणाऱ्या प्रक्रियेत डिझेलमधली नैसर्गिक वंगण देणारी द्रव्यंही निघून जातात, म्हणून रिफायनरी वेगळं वंगण-द्रव्य मिसळते. कसोटी अशी: ६० अंश तापमानाला डिझेलात बुडालेली पोलादी गोळी घासायची आणि तिच्यावर पडलेला ओरखडा ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा नसावा. अमेरिकेत हीच मर्यादा ५२० आहे, म्हणजे आपली जास्त कडक. तेव्हा अधिकृत पेट्रोल पंपावरच्या डिझेलात टू-स्ट्रोक ऑइल ओतायची गरज नाही. केरोसीनची भेसळ, हायवेच्या कडेला कॅनमधून विकलं जाणारं स्वस्त ‘बायोडिझेल’ आणि पाणी हे खरे वैरी. पावसाळ्यात वॉटर सेपरेटरचा (डिझेलातलं पाणी वेगळं करणाऱ्या भागाचा) दिवा लागला तर ‘सर्व्हिसिंगला बघू’ न म्हणता त्याच दिवशी फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढा. डिझेल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका.

वॉरंटीचा वाद झाला तर कंपनी पहिलं बोट डिझेलकडेच दाखवते. टाकी धुवायच्या आधी त्यातलं लिटरभर डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या, झाकण सील करा, तारीख लिहा आणि भरल्याची पावती जोडून ठेवा. चोवीस तास स्थिर ठेवल्यावर पाणी तळाशी बसतं. आणि कधी डिझेल गाडीत पेट्रोल भरलं गेलं, तर किल्ली फिरवूच नका, ऑनपर्यंतसुद्धा नाही. टाकीतला पंप ऑनवरच सुरू होतो. पेट्रोल पंपावरच गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी उपसायला माणूस बोलवा.