उंदराकडे एक बीटा जास्तीचा असतो

कोविडच्या काळात 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द ऐकून ऐकून पाठ झाला होता सगळ्यांचा. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. पण निरोप रक्तातून सगळीकडे फिरला तरी तो ऐकणार कोण हे ठरतं पेशीच्या अंगावर कुठला रिसेप्टर (निरोप पकडणारं प्रोटीन) आहे त्यावर, आणि हा रिसेप्टर बरेचदा अख्खा एक नग नसतोच, दोन-तीन सबयुनिट म्हणजे सुटे भाग जोडून तयार होतो, प्रत्येकाचा जीन वेगळा, त्यामुळे कुठल्या पेशीत कुठला जीन चालू आहे हे बघितलं की ती कोणाचं ऐकते याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

आयएल-३, आयएल-५ आणि जीएम-सीएसएफ हे सायटोकाइनचं त्रिकूट घ्या. त्यांच्या रिसेप्टरमध्ये दोन सबयुनिट, अल्फा आणि बीटा: प्रत्येकाचा अल्फा स्वतःचा, बीटा मात्र तिघांत मिळून एकच. बँकेच्या लॉकरचं असतं ना तसं, आपली किल्ली वेगळी, बँकेची सगळ्यांना तीच, आणि दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. इओसिनोफिलमध्ये (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) आयएल-५ चा अल्फा असतो म्हणून ते आयएल-५ ला लगेच प्रतिसाद देतात, ज्या पेशीत हा अल्फाच नाही तिला त्या निरोपाचा पत्ताही लागत नाही.

आता उंदीर. माणसाकडे हा बीटा एकच, उंदराकडे दोन! १५ व्या क्रोमोसोमवर अगदी शेजारी-शेजारी, दिसायला जुळे भाऊच, पण एक तिघांसाठी काम करतो आणि दुसरा फक्त आयएल-३ साठी. १९९५ मध्ये तिघांचा सामाईक बीटा काढून टाकलेले उंदीर तयार केले तर आयएल-३ चं काम चालूच राहिलं, दुसऱ्याने सांभाळून घेतलं. इओसिनोफिल कमी झाले, ते अपेक्षितच होतं. खरी भानगड निघाली फुफ्फुसात, तिथे सर्फॅक्टंट (फुफ्फुसाच्या आतला, त्याला मिटू न देणारा थर) साचत गेलं, कारण ते गिळून साफ करणाऱ्या मॅक्रोफेज या पेशींना जीएम-सीएसएफचा निरोपच पोचत नव्हता. रक्त बनवायला लागतं म्हणून ओळखला जाणारा पदार्थ, आणि त्याच्यावाचून अडलं ते फुफ्फुसाचं! जीएम-सीएसएफचा जीनच काढलेल्या उंदरांमध्ये १९९४ लाच हे दिसलं होतं, नंतर कळलं की माणसातल्या अशाच एका आजारात शरीर स्वतःच जीएम-सीएसएफविरुद्ध अँटिबॉडी बनवतं.

आणि हे दोन बीटा डेटा बघताना फार छळतात. आरएनए सिक्वेन्सिंगमध्ये आरएनएचे, म्हणजे चालू जीनच्या नकलांचे, छोटे छोटे तुकडे वाचून ते कुठल्या जीनचे हे ओळखायचं असतं, इथे दोघांचे बरेचसे तुकडे सेम टू सेम, मग सॉफ्टवेअर एकतर अंदाजाने वाटणी करतं नाहीतर ते तुकडे सरळ फेकून देतं आणि जीन आहे त्यापेक्षा गप्प दिसतो. त्यात रिसेप्टरचा आरएनए मुळात थोडाच असतो, सिंगल सेलच्या, म्हणजे एकेका पेशीच्या, आकड्यांत चक्क शून्य येतं, पेशीवर रिसेप्टर असला तरी. म्हणून नुसत्या ग्राफवर न जाता फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तपासायची पद्धत) अँटिबॉडी लावून प्रोटीन बघतात, फक्त ती अँटिबॉडी दोन्ही बीटांना चिकटत नाही ना हे आधी तपासून घ्यावं लागतं.